मानीव

आमच्या सोसायटीच्या जागेची सुनावणी होती. इमारत बांधून, फ्लॅट विकून बिल्डर कधीच मोकळा झाला. जमीन मात्र अजून त्याच्याच नावावर. अशा सोसायट्या गावोगाव आहेत. सहकार खात्याच्या ऑफिसच्या व्हरांड्यात आम्ही पाच-सहाजण फायली मांडीवर घेऊन बसलो होतो. सोलापूरचा एप्रिल म्हणजे सकाळी अकरालाच फरशी तापलेली असते आणि पंखा फिरला तरी अंगावर फुफाटाच येतो. माझ्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरचे मामा होते. मामांचं सगळं आयुष्य पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि कानांनी कमी ऐकू येतं म्हणून दोन्ही भाषा मोठ्या आवाजात. अर्जाचा मथळा ते बोट ठेवून अक्षर-अक्षर लावत होते. 'मानीव अभिहस्तांतरण.' दुसऱ्या शब्दाच्या वाटेला ते गेलेच नाहीत. पहिल्यावर बोट टेकवून त्यांनी विचारलं, "बाई, हे मानीव म्हंजे खरं असतंय का खोटं असतंय ओ?"

आमचे तरुण वकील पुढं वाकले. "मामा, झालंय असं समजायचं."

"समजायचं म्हंजे झालं नाहीच की मग."

व्हरांड्यातले दोघं-तिघं हसले. मामा हसले नाहीत. जन्मभराची कमाई ज्या भिंतींत घातली, त्या भिंतींखालची जमीन आपली आहे की नाही एवढंच त्यांना कळायला हवं होतं. वकिलांनी पुन्हा समजावलं. 1963 चा आपला फ्लॅट मालकीचा कायदा सांगतो की बिल्डरनं मुदतीत जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची. तो देत नाही, सापडत नाही, वारला असेल तर वारस भांडत बसतात. म्हणून 2008 मध्ये दुरुस्ती झाली. सोसायटीनं अर्ज करायचा, जिल्हा उपनिबंधकांनी दोन्ही बाजू ऐकायच्या, आणि खात्री पटली तर जी सही झालीच नाही ती झाल्याचं धरून जमीन सोसायटीची करून द्यायची. मामांनी मान हलवली खरी, पण चेहऱ्यावरून प्रश्न हलला नव्हता. माझ्याही डोक्यातून तो गेला नाही. न झालेली गोष्ट झाली असं एका माणसानं म्हणायचं आणि ती सात-बारावर उतरायची, ही ताकद कुणाला दिली, कधी दिली, आणि शब्दाला ती कुठून मिळाली?

इंग्रजीत याला 'डीम्ड' म्हणतात. मराठी माध्यमाच्या शाळेत मी उभा जन्म इंग्रजी शिकवलं; पाठ्यपुस्तकात हे क्रियापद क्वचितच यायचं. आपल्याला ते भेटतं नोटिशीत आणि कायद्याच्या कलमात. 'नोटीस मिळाली असे मानण्यात येईल.' 'परवानगी दिली आहे असे मानण्यात येईल.' 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातून निघालेली डीम्ड युनिव्हर्सिटी मराठीत 'अभिमत' झाली, आणि जमिनीच्या वाट्याला 'मानीव' आलं. दोन्हीकडं अर्थ तोच, की नसलं तरी आहे असं धरून चला. घरी आल्यावर मी जुना जाड शब्दकोश काढून बसले आणि संध्याकाळ त्यातच गेली.

डीम हे इंग्रजीच्या सगळ्यात जुन्या थरातलं क्रियापद. हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्याचं रूप 'डेमन' असं होतं आणि ते 'डोम' या नामापासून झालं होतं. डोम म्हणजे निवाडा, आणि त्या काळी दिलेला निवाडा हाच कायदा. त्याच डोमचं पुढं 'डूम' झालं, ज्याचा अर्थ आज आपण सर्वनाश असा घेतो. नामातला ओ क्रियापदात बदलला, कारण मागून येणाऱ्या प्रत्ययातल्या ई-कडं झुकणाऱ्या आवाजानं त्याला आपल्याकडं ओढलं. फूड आणि फीड, ब्लड आणि ब्लीड या जोड्या अशाच झाल्या. डूम आणि डीम हे त्यांच्याच घरातले. म्हणजे या शब्दाला 'समजणे' हा आजचा मवाळ अर्थ सुरुवातीला नव्हताच. त्यात निकाल होता, आणि निकालामागं उभं राहणारं राज्य होतं. नवव्या शतकाच्या अखेरीस राजा आल्फ्रेडनं कायद्यांचा जो संग्रह केला त्याला 'डोमबोक' म्हणत, निवाड्यांचं पुस्तक. बायबलातली एक आज्ञा त्यानं त्यात आपल्या लोकांच्या बोलीत आणली आहे. निवाडा अगदी सारखा कर. श्रीमंताला एक आणि गरिबाला दुसरा, आवडत्याला एक आणि नावडत्याला दुसरा असा निवाडा करू नकोस. एवढ्याशा मजकुरात हे क्रियापद आणि त्याचं नाम पुन्हा पुन्हा येतात. लिहिणाऱ्याला धोका ठाऊक होता, असं मला ते वाचताना वाटलं. निवाडा करायची ताकद हातात आली की सगळ्यात आधी काय बिघडतं, ते त्यानं नेमकं हेरलं होतं.

मग 1066 साली नॉर्मन आले आणि कोर्टात फ्रेंच बोलली जाऊ लागली. 'जज' हा शब्द तिथून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले 'कायदा' आणि 'बोलणे' हे दोन शब्द आहेत. नवा न्यायाधीश कायदा बोलू लागला आणि जुनं डीम हळूहळू कोर्टाबाहेर पडून 'मला असं वाटतं' एवढ्यापुरतं उरलं. डोमचा दरारा मात्र लोकांच्या जिभेवर राहिला. 1086 मध्ये विल्यम राजानं सगळ्या इंग्लंडची मोजदाद करून घेतली. त्या काळच्या बखरकारानं संतापून लिहिलं आहे की एक बैल, एक गाय, एक डुक्कर नोंदीतून सुटलं नाही. त्या दप्तराला लोक 'डूम्सडे', म्हणजे शेवटच्या निवाड्याचा दिवस, म्हणू लागले. असं का, ते पुढच्या शतकातल्या राजाच्या खजिनदारानं सांगून ठेवलंय. त्यात एकदा लिहिलं गेलं की त्याच्यावर दाद मागता येत नसे.

एका ठिकाणी मात्र हे क्रियापद अजून न्यायासनावर बसलेलं आहे. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथल्या न्यायाधीशाला आजही 'डीमस्टर' म्हणतात, डीम करणारा. पूर्वी तिथला कायदा लिहिलेलाच नव्हता. तो डीमस्टरच्या छातीत असतो असं मानत, आणि त्याला नावही 'छातीतला कायदा' असंच होतं. दर वर्षी 5 जुलैला एका टेकाडावर लोक जमतात आणि वर्षभरात झालेल्या कायद्यांचं सार त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं जातं. इंग्रजीतलं वाचन डीमस्टर करतो. पण मला त्यांची शपथ सगळ्यात आवडली. नेमणुकीच्या वेळी डीमस्टर म्हणतो की हेरिंग माशाचा कणा जसा त्याच्या अंगाच्या बरोबर मधोमध असतो, तसा मी दोन्ही पक्षांच्या मध्ये राहून न्याय करीन. बेटावरच्या माणसांनी रोज ताटात पाहिलेला तो काटा. ज्याला शपथ घ्यायची त्यालाही कळावा आणि ज्याचा निवाडा व्हायचा त्यालाही. ही शपथ मामांना सांगितली असती तर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नसता.

कोर्टानं जुन्या क्रियापदाला बाहेर काढलं, पण कायदे लिहिणाऱ्यांनी त्याला मागच्या दारानं परत आणलं. वस्तुस्थिती अडचणीची असते, तेव्हा ती बाजूला ठेवायला हा शब्द फार सोयीचा. इंग्लंडमधले लॉर्ड अ‍ॅस्क्विथ यांचं यावरचं म्हणणं आपल्याकडच्या निकालांतही वर्षानुवर्षं उद्धृत होतं. त्याचा सारांश असा, की एखादी काल्पनिक गोष्ट खरी मानायला कायद्यानं सांगितलं, तर तिच्या पोटी जे जे अपरिहार्यपणे येतं तेही खरंच मानावं लागेल. मध्येच कल्पनेला बुजू देता येणार नाही. आमच्या जमिनीच्या बाबतीत हे किती दिलाशाचं वाटतं. सही झाली म्हटलं की मालकी आली, मालकी आली की उद्या इमारत पडली तरी पुन्हा बांधायचा हक्क आला. पण याच वाक्यापाशी माझं मन अडखळलं. कल्पनेला बुजू द्यायचं नाही, हे माणसाच्या बाबतीत केलं तर?

तिकडं वळण्याआधी शब्दकोशातली आणखी एक गोष्ट. डोमचं मूळ खोदत गेलं की भाषाशास्त्रज्ञ ज्या धातूपाशी पोचतात, त्याचा अर्थ 'ठेवणे'. संस्कृतात तोच धातू 'धा' आहे. विधी, विधान, विधाता, निधी, संधी, धाम, श्रद्धा, हे सगळे त्याच्याच कुळातले. इंग्रजीतला 'फॅक्ट' लॅटिनमार्गे तिथूनच निघालेला. ज्याला आपण वस्तुस्थिती म्हणतो तो शब्द आणि ज्यानं वस्तुस्थिती बाजूला सारतो तो शब्द, दोघं चुलत भावंडं. 'फ्रीडम'मधला 'डम' सुद्धा हाच डोम. आणि गंमत पाहा, तिकडं डोम म्हणजे कायदा, त्याचा पुढं अर्थ झाला अटळ नियती. इकडं विधी म्हणजे नियम, कायदा, आणि आपण सहज म्हणतो 'विधिलिखित'. हजारो मैल दूर असलेल्या दोन भाषांत माणसांनी कायद्यावरून नशीब असा एकच रस्ता तुडवला. कुणीतरी काहीतरी कुठंतरी ठेवलं. ठेवणारा हात विसरला गेला. मग ते तिथं मुळापासूनच होतं असं सगळ्यांना वाटू लागलं. मराठी तर हे उघडच बोलून दाखवते. आपण माणसांना नावं ठेवतो.

आमच्या घरी बाळाच्या पाचवीला पाट मांडतात. हळदकुंकू, खोबऱ्याची वाटी, तुपाचा दिवा, आणि दिव्याशेजारी कोरा कागद व पेन. माझ्या आईच्या वेळी बोरू ठेवत. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. मी लहान असताना भावाच्या पाचवीला रात्रभर जागायचं ठरवलं होतं, ती कशी दिसते ते पाहायचं म्हणून. तुपाच्या वासानं आणि उबेनं डोळे मिटले. सकाळी उठून कागद पाहिला तर कोराच. आजी म्हणाली, "आपल्याला दिसेल असं ती लिहीत नसते." त्या कोऱ्या कागदाचं मला पुढं कितीतरी वर्षं अप्रूप वाटत राहिलं. काय लिहिलंय ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळं आईबापाला वाटेल ते स्वप्न पाहायला मोकळीक असते.

याच सोलापुरात असे पाळणे होते, ज्यांच्या शेजारचा कागद आधीच भरलेला होता.

सेटलमेंट म्हटलं की सोलापूरकराला वेगळं काही सांगावं लागत नाही. रिक्षावाल्याला सांगा, तो सोडतो. फ्री कॉलनी एक नंबर, दोन नंबर, असे पत्ते आजही पत्रांवर असतात. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा केला, 1911 मध्ये त्याची कक्षा वाढवली, 1924 मध्ये पुन्हा नव्यानं बांधला. सरकारनं राजपत्रात एखाद्या जमातीचं नाव छापलं की त्या जमातीत जन्मलेला माणूस गुन्हेगार ठरायचा. त्यासाठी गुन्हा करावा लागत नसे. आणि छापलेल्या त्या अधिसूचनेच्या वैधतेवर कोणत्याही कोर्टानं प्रश्न उपस्थित करायचा नाही, हे त्या पहिल्या कायद्यातच लिहून ठेवलेलं होतं. विल्यम राजाच्या दप्तराची गोष्ट वाचताना माझ्या अंगावर काटा आला तो यामुळं. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, मांगगारुडी, कितीतरी जमातींची माणसं काटेरी तारेच्या आत आणून ठेवली, तीच ही सेटलमेंट. हजेरी, बाहेर जायचं तर पास, परत यायची वेळ ठरलेली. शहरातल्या गिरण्यांना हात हवे होते, तेही या तारेच्या आतून गेले. ज्या चादरीच्या आणि कापडाच्या गावाचा आपण अभिमान बाळगतो, त्याच्या सुताला हजेरीच्या भोंग्यानं उठलेल्या या माणसांचेही हात लागलेत, हे आपल्या गावाच्या कौतुकाच्या भाषणांत कुणी सांगत नाही. सांगायला हवं. कल्पनेला बुजू द्यायचं नाही, या वाक्याचं टोक इथं दिसतं. जमात गुन्हेगार मानली, म्हणून बाप गुन्हेगार, म्हणून पोटातलं मूल गुन्हेगार, म्हणून त्याच्यासाठी तार, म्हणून त्याच्या मोठेपणी रजिस्टरात जागा. एकेक पायरी तर्कशुद्ध. कुणीही कुठं थबकलं नाही.

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभरातून गेला. तार निघाली. जमातींना नवीन नाव मिळालं, विमुक्त. मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा त्या गोष्टीला बराच काळ लोटला होता. आठवीचा वर्ग. मधल्या सुट्टीनंतर एका मुलीची कंपास पेटी सापडेना. ती रडवेली झाली, मुली बाकाखाली वाकून शोधू लागल्या. मी अजून काही बोललेही नव्हते, तोच खिडकीजवळच्या बाकावरचा एक मुलगा उठला, आपलं दप्तर उचललं आणि बाकावर उलटं केलं. वह्या, फडक्यात बांधलेली भाकरी, चिंचोके, अर्धी मोडलेली पट्टी. मग त्यानं चड्डीचे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. कुणाकडं न पाहता, रोजचं काम उरकावं तसं. मी जवळ जाऊन म्हटलं, "तुला कुणी विचारलं नव्हतं रे, भर तुझं दप्तर." तो वह्या गोळा करत म्हणाला, "विचारणारच होते की बाई."

कंपास पेटी पुढं सापडली की नाही, मला आठवत नाही. तासानंतर शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट सांगितली. माझा गळा दाटून आला होता. एक ज्येष्ठ सहकारी चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, "सेटलमेंटचा ना तो?" आणि विषय संपला. मी त्यांच्याशी भांडले. ते वाईट माणूस नव्हते. त्याच मुलाची फी त्यांनी दोनदा भरली होती, हेही मला त्या दिवशीच कळलं. तेव्हापासून मला या गोष्टीचा राग आणि धसका दोन्ही आहे. कायदा रद्द करायला संसदेचा एक दुसरा कायदा पुरला. त्या आठवीतल्या मुलाच्या हातात जो कायदा शिरला होता, दप्तर उलटं करणारा, तो कुठल्या सभागृहात रद्द करायचा?

मग कुणी कुणाला काही मानूच नये का? असं म्हणावं तर आमचं सोलापूर उभंच राहत नाही. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आठवा. पहाटेची थंडी, तलावावरून येणारा वारा, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि कमरेला बांधलेल्या पट्ट्यात ते उंचच उंच नंदीध्वज पेलत, घामानं भिजत चालणारे तरुण. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले योगी. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्नाची इच्छा धरली. ते संसारात पडणार नव्हते. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. त्या लग्नाच्या अक्षता आजही दर वर्षी पडतात. नंदीध्वज म्हणजे तो योगदंड मानायचा. सातही नंदीध्वजांचा मान वेगवेगळ्या समाजांकडं. संमती कट्ट्यावर संमती वाचली जाते, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' असा पुकारा होतो आणि लाखो हात एकदम वर जातात. माझ्याही मुठीतले पिवळे तांदूळ हवेत जातात, डोळ्यांत पाणी येतं, आणि त्या क्षणी मला कुणी विचारलं की हे लग्न खरं आहे का, तर मी दुसरं कुठलं उत्तर देणार? वकिलांच्या भाषेत हे मानीव लग्न. पण ते मानताना कुणी कुणावर काही लादलेलं नसतं. घरटी माणूस आपण होऊन येतो, स्वतःच्या मुठीनं मानतो. दर वर्षी पुन्हा मानावं लागतं. गेल्या वर्षीच्या अक्षता या वर्षी चालत नाहीत.

आपल्या बोलीत मानणे या क्रियापदाला ही ऊब आहे. मानलेला भाऊ असतो, मानलेली मुलगी असते. माझ्या आईला शेजारच्या मोहल्ल्यातला एक मानलेला भाऊ होता. तिच्या आजारपणात रक्ताच्या भावांआधी तो रात्रीचा डबा घेऊन यायचा. आमच्या लग्नात आहेराच्या यादीत त्याचं नाव मामा म्हणूनच लिहिलेलं आहे. मानला तर देव नाहीतर धोंडा, असं आपण म्हणतो, आणि त्यात देवाचा अपमान आहे असं कुणाला वाटत नाही, कारण मानण्याची जबाबदारी मानणाऱ्यावर असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. देव मानला की त्याच्यासमोर दिवा लावायचं कामही आपलंच.

याच यात्रेच्या दिवसांत, 12 जानेवारीला, चार पुतळ्यांना हार पडतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1930 च्या मे महिन्यात या शहरावर मार्शल लॉ आला. दोन पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून खटला चालला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली. सरकारच्या कागदावर ते खुनी होते. शहरानं त्यांना हुतात्मा मानलं. शहराचं मानणं टिकलं. त्या चौकातून जाणाऱ्या शाळकरी मुलाला दुसरं काही माहीत नाही. ते तसंच असायला हवं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण हेच शहर, ज्यानं सरकारचा एक निवाडा पुसून आपला निवाडा तिथं ठेवला, त्यानं त्याच सरकारचा दुसरा निवाडा, तारेच्या आतल्या माणसांबद्दलचा, कुरकुर न करता उचलून घेतला आणि स्वतंत्र भारतातही चालवला. हे मला समजत नाही. चौघांची माणसं शहरात होती, त्यांच्या घरी जाऊन रडता येत होतं. तारेच्या आतल्यांच्या घरी कुणाचं जाणंयेणं नव्हतं, कारण एवढंच असेल का? असेल. डीमस्टरच्या बेटावरही दोन्ही पक्ष त्याला चेहऱ्यानं ओळखत होते. राजपत्रात नाव छापणाऱ्यानं त्यातला एकही माणूस पाहिलेला नसेल.

माझ्या भावाचं मत आहे की सेटलमेंट हे नावच बदलून टाकावं. मोहल्ल्याला एखाद्या थोर माणसाचं नाव द्यावं, पाट्या नव्या लावाव्यात, दोन पिढ्यांत सगळे विसरतील. मला ते पटायचं नाही. नाव पुसलं की काय झालं होतं हेही पुसलं जाईल, असं मी त्याला म्हणायची. आम्ही दोघं बराच वेळ वाद घालायचो, आणि दोघांपैकी एकानंही तारेच्या आत दिवस काढला नव्हता, हे आमच्या बोलण्यात येत नसे. मग एकदा माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. तिचा जन्म फ्री कॉलनीतला, आता ती अंगणवाडीत आहे. थोरल्या मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी इंग्रजीतले काही कागद वाचून घ्यायचे होते. भाऊ समोरच बसला होता. चहा घेता घेता त्यानं तिलाच विचारलं, नाव बदलावं की नको?

तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक पिवळा पडलेला कागद काढला. तिच्या आजेसासऱ्यांचा शाळेचा दाखला. विमुक्त जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी करायची तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि अख्ख्या घरात एवढाच एक कागद त्या तारखेच्या आधीचा. शाईनं लिहिलेला, घडीवर फाटलेला. राहण्याच्या ठिकाणासमोर तोच शब्द, वळणदार मोडणीचा, सेटलमेंट. ज्या नोंदीनं त्या म्हाताऱ्याला जन्मभर कैद केलं, त्याच नोंदीवर त्याच्या पणतवंडाचं कॉलेज अडलं होतं. तिनं तो कागद टेबलावर सरळ केला, पण हातातून सोडला नाही.

"नाव बदलून काय होतंय ओ दादा," ती म्हणाली. "नवीन नाव सांगितलं तरी लोक विचारत्यातच, म्हंजे सेटलमेंटच ना? आणि ऑफिसात म्हणतील ह्या कागदावरचं गाव कुठाय. बदलायचं तर बदला, पण आधी पोराची व्हॅलिडिटी होऊ द्या."